जुना डायल-अप मोडेम आज चालवायचा तर: मोडेमआधी लाइन तपासा

प्रश्न थोडक्यात असा: एक ४८६ संगणक (डॉस आणि विंडोज ३.१), एक पेंटियम (विंडोज ९८), आणि दोन बाहेरचे मोडेम (संगणकाचा डेटा फोनलाइनवरच्या आवाजात बदलणारे डबे), पैकी एक १४.४चा, म्हणजे सेकंदाला १४,४०० बिटांचा, दुसरा ५६केचा, म्हणजे ५६,००० चा. तांब्याची फोनलाइन उरलेली नाही. दोन्ही मोडेम फोनच्या वायरने थेट एकमेकांना जोडले की 'नो डायलटोन' येतं. इंटरनेट फोनच्या अडॅप्टरवर टाकले तर ओळखीची किरकिर होते, कनेक्टही होतं, पण पाच-सात मिनिटांत 'नो कॅरिअर' (पलीकडचा सिग्नल हरवला). मोडेम बिघडलेत का?

बहुतेक नाहीत. दोन्ही लक्षणं लाइनची आहेत, आणि मोडेमच्या आज्ञा बदलत बसणं म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. तरी लाइनकडे जाण्याआधी संगणक ते मोडेम हा तुकडा पक्का करून घ्या, नाहीतर पुढचा प्रत्येक निष्कर्ष संशयास्पद राहतो. (मोडेमला द्यायच्या, 'एटी'ने सुरू होणाऱ्या आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं. 'एटी'ची दोन्ही अक्षरं मोठी किंवा दोन्ही छोटी ठेवा. एक मोठं, एक छोटं असलं तर बरेच मोडेम ढिम्म हलत नाहीत.)

संगणक ते मोडेम

पहिली गोष्ट पॉवर अडॅप्टर. बाहेरच्या अनेक मोडेमना डीसी नाही, एसी लागतं, बहुधा ९ व्होल्ट एसी. सीरियल पोर्टच्या सिग्नलला धन आणि ऋण असे दोन्ही व्होल्टेज लागतात, आणि ते आत त्या एसीमधूनच बनवले जातात. त्याच पिनचा ९ व्होल्ट डीसी अडॅप्टर लावला तर दिवे लागूही शकतात, पण मोडेम संगणकाला उत्तर देत नाही. मोडेमच्या पाठीवर काय छापलंय ते वाचा. इतक्या वर्षांनी आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही सुकलेले असू शकतात. थंड असताना अडखळणारा आणि तापल्यावर सुरळीत चालणारा मोडेम दिसला की आधी तेच बदला.

दुसरी गोष्ट केबल. मोडेमला सरळ केबल लागते, नल-मोडेम केबल नाही. संगणकाकडे ९ पिनी आणि मोडेमकडे २५ पिनी असेल तर जोडणी अशी: १ ला ८, २ ला ३, ३ ला २, ४ ला २०, ५ ला ७, ६ ला ६, ७ ला ४, ८ ला ५, ९ ला २२. मल्टिमीटरवर नऊच्या नऊ तारा तपासा. फक्त तीन तारांची केबल असेल तर 'एटी'ला 'ओके' येतं आणि सगळं ठीक वाटतं. मात्र फाइल उतरवायला घेतली की चुका सुरू होतात, कारण आरटीएस-सीटीएसच्या तारा नसल्यामुळे 'थांब' म्हणायची सोयच नाही. अमिगा ५०० असेल तर जास्त जपा. तिच्या २५ पिनी पोर्टवर ९ आणि १० या पिनांवर अधिक-उणे १२ व्होल्ट असतात, म्हणून पंचवीसही तारा जोडलेली केबल तिथे लावू नका. कमोडोर ६४ च्या यूझर पोर्टवर तर ५ व्होल्टचे सिग्नल असतात. मध्ये लेव्हल बदलणारा अडॅप्टर हवाच.

तिसरी गोष्ट पोर्टची चिप. डॉसमध्ये एमएसडी (संगणकाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) चालवा आणि कॉम पोर्टच्या, म्हणजे सीरियल पोर्टच्या, पानावर यूएआर्टचा, म्हणजे या चिपचा, प्रकार पाहा. ८२५० किंवा १६४५० असेल तर तिच्यात बफर (आलेल्या बाइटांचा तात्पुरता साठा) नाही. प्रत्येक बाइट प्रोसेसरने वेळेत उचलावी लागते. १,१५,२०० वेगाला एक बाइट दर ८७ मायक्रोसेकंदांनी येते, ३८,४०० ला दर २६० मायक्रोसेकंदांनी. विंडोज ३.१ मध्ये तेवढी हमी मिळत नाही, त्यामुळे बफर नसलेल्या पोर्टवर १९,२०० च्या वर जाऊ नका, आणि तरी बाइट गळत असतील तर ९,६०० वर या. १६५५०ए मध्ये १६ बाइटांचा फिफो, म्हणजे बफर, असतो, तिथे १४.४ च्या मोडेमसाठी पोर्ट ५७,६०० वर आणि ३३.६ किंवा त्यापुढच्या मोडेमसाठी १,१५,२०० वर लॉक करा. पोर्टचा वेग आणि लाइनचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोडेम आत कॉम्प्रेशन करत असल्याने पोर्ट लाइनपेक्षा वेगवान ठेवावा लागतो, आणि मधला फरक आरटीएस-सीटीएस सांभाळतं. रॉकवेल किंवा कोनेक्सन्ट चिपच्या मोडेमवर ते 'एटी&के३'ने चालू होतं; यूएस रोबोटिक्सवर 'एटी&एफ१' दिलं की हार्डवेअर फ्लो कंट्रोलची, म्हणजे याच आरटीएस-सीटीएसची, मूळ मांडणी परत येते.

आतल्या कार्डाच्या मोडेमबद्दल एवढंच: जंपर असलेलं आयएसए कार्ड असेल तर कॉम २ वर (पत्ता २एफ८, आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची ओळ, ३) बसवा आणि मदरबोर्डचा स्वतःचा कॉम २ बायोसमधून बंद करा. कॉम ३ कॉम १ सोबत, आणि कॉम ४ कॉम २ सोबत आयआरक्यू वाटून घेतो. माउस कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर असला की माउस हलवताच लाइन अडकते. पीसीआयची बरीचशी कार्डं विनमोडेम असतात. त्यांचं काम विंडोजचा ड्रायव्हर करतो, त्यामुळे डॉसमध्ये ती निरुपयोगी. त्यांच्यावर वेळ घालवू नका.

'नो डायलटोन' का येतं

खऱ्या फोनलाइनवर एक्स्चेंज चार गोष्टी पुरवतं: उचलण्याआधी सुमारे ४८ व्होल्ट डीसी, उचलल्यावर साधारण २० ते ५० मिलिअँपिअर करंट, डायलटोन, आणि रिंगसाठी ७५ ते ९० व्होल्टच्या आसपास एसी. नुसत्या वायरवर यातलं काहीच नाही. मोडेम उचलतो, टोन ऐकतो, टोन नाही म्हणून ठेवून देतो. तक्रार अगदी खरी आहे.

टोनची अट 'एटीएक्स३'ने निघते: मोडेम टोनची वाट न बघता डायल करतो, बिझी टोन मात्र ओळखतो. विंडोज ९८ मध्ये मोडेमच्या प्रॉपर्टीजमधल्या कनेक्शन टॅबवर 'वेट फॉर डायलटोन'ची खूण काढा. टोन हजर असूनही हाच संदेश येऊ शकतो, कारण टोन देशागणिक वेगळा असतो. उत्तर अमेरिकेत ३५० आणि ४४० हर्ट्झ मिळून, युरोपात बऱ्याच ठिकाणी ४२५ हर्ट्झ. एका देशासाठी बनवलेल्या मोडेमला दुसऱ्याचा टोन टोन वाटत नाही. म्हणून आजच्या सगळ्याच जोडण्यांत एक्स३ कायम ठेवलेलं बरं.

रिंग नसल्याने पलीकडच्या मोडेमला हाताने उचलायला लावावं लागतं. क्रम असा: या बाजूला 'एटीएक्स३डीटी१' द्या (आकडा कोणताही चालेल), आणि एक-दोन सेकंदांत पलीकडे 'एटीए'. पलीकडून उत्तराचा टोन येतो आणि हँडशेक (दोन मोडेमची वेग ठरवण्याची बोलणी) सुरू होतो. कॅरिअरची वाट पाहण्याचा वेळ मोडेमच्या एस७ या रजिस्टरमध्ये असतो; 'एटीएस७=९०' करून ठेवा. दोन्हीकडे वायर 'लाइन' लिहिलेल्या सॉकेटमध्येच असावी. 'फोन' लिहिलेलं सॉकेट मोडेमने लाइन उचलली की सहसा आतून तुटतं, आणि ही चूक वाटते त्यापेक्षा खूप जास्त वेळा होते.

ट्रान्सफॉर्मर असलेले जुने मोडेम एवढ्यावर, म्हणजे कोरड्या वायरवरही बोलतात. नंतरच्या अनेक मोडेमांत लाइनकडचा भाग सिलिकॉनचा असतो आणि त्याला लाइनमधूनच करंट लागतं. तुमचा १४.४ कोरड्या वायरवर चालला आणि ५६के अडला तर आश्चर्य नको.

करंट देण्याची घरगुती मांडणी सोपी आहे. दोन तारांपैकी एक सरळ जोडा. दुसरी मध्ये कापून तिथे २४ व्होल्टचा डीसी पुरवठा आणि ३९० ओहम, २ वॉटचा रेझिस्टर एका रांगेत बसवा. दोन्ही मोडेमनी उचलल्यावर प्रत्येकावर सहा ते आठ व्होल्ट पडतात असं धरलं तर उरलेले आठ ते बारा व्होल्ट रेझिस्टरवर येतात, म्हणजे साधारण २० ते ३० मिलिअँपिअर. मल्टिमीटर रांगेत लावून प्रत्यक्ष मोजा आणि आकडा २० ते ३० मध्ये येईल असा रेझिस्टर निवडा. २ वॉटचा अशासाठी की तारा चुकून एकमेकींना टेकल्या तर ६० मिलिअँपिअर वाहतं आणि दीड वॉट उष्णता निघते. पुरवठा घरघर न करणारा हवा. स्वस्त स्विचिंग अडॅप्टरचा आवाज थेट लाइनवर चढतो आणि वेग २८,८०० वरून १९,२०० वर येतो. संशय आला तर दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या रांगेत लावून तुलना करा. ९ व्होल्टची एकच बॅटरी लावायची पद्धतही दिसते; करंट फारसं न मागणाऱ्या मोडेमना ती पुरते, बाकीच्यांना नाही. आणि ही मांडणी चालू फोनलाइनला कधीही जोडायची नाही.

या मांडणीचा दोष असा की एकाने उचललं तरी दुसरा उचलेपर्यंत वर्तुळ पूर्ण होत नाही. डायल करताना लगेच करंट मागणारा मोडेम इथे तक्रार करू शकतो. असा मोडेम निघाला, किंवा रिंग आणि 'एटीएस०=१'चं आपोआप उचलणं हवं असेल, तर जुना छोटा ईपीएबीएक्स (ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज) मिळवा. तीन लाइन, आठ एक्स्टेंशनचा डबा यासाठी पुरून उरतो. साध्या फोनच्या एक्स्टेंशनवर दोन मोडेम लावा (फक्त त्याच कंपनीचा खास फोन चालतो त्या पोर्टवर नाही) आणि एका एक्स्टेंशनवरून दुसऱ्याचा नंबर डायल करा. करंट, टोन, रिंग सगळं खरं मिळतं. शिवाय इंटरनेटचा संबंधच नाही. जागा असेल तर हाच पर्याय घ्या. बाकीचे त्याची नक्कल आहेत.

५६केबद्दल अपेक्षा इथेच आवरा. दोन साधे मोडेम एकमेकांशी ३३,६०० च्या वर जात नाहीत, लाइन कितीही स्वच्छ असो. १९९८ च्या व्ही.९० या मानकात ५६के मिळायचं ते सेवादात्याच्या बाजूचा मोडेम एक्स्चेंजच्या डिजिटल जाळ्याला थेट जोडलेला असायचा म्हणून; त्या दिशेला अॅनालॉगचं डिजिटल करण्याची पायरीच नव्हती. तुमच्या जोडीत तर एक मोडेम १४.४चा आहे, तेव्हा 'कनेक्ट १४४००' दिसलं की काम फत्ते.

अडॅप्टरवर पाच-सात मिनिटांनी लाइन का तुटते

घोडं इथेच पेंड खातं. इंटरनेट फोनचा अडॅप्टर आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतो आणि साधारण २० मिलिसेकंदांची, म्हणजे १६० नमुन्यांची, पाकिटं पाठवतो. पलीकडचा अडॅप्टर तेच नमुने स्वतःच्या घड्याळाने वाजवतो. दोन घड्याळं तंतोतंत सारखी कधीच नसतात. फरक दशलक्षात फक्त ५० धरला तरी सेकंदाला ०.४ नमुन्याची तूट येते, आणि ४०० सेकंदांनी, म्हणजे पावणेसात मिनिटांनी, एक अख्खं पाकीट कमी पडतं किंवा जास्त होतं. बोलण्यात हे कुणाला कळतही नाही. मोडेमच्या दृष्टीने मात्र लाइनने अचानक २० मिलिसेकंदांची उडी मारलेली असते. तो पुन्हा जुळवून घ्यायला जातो, आणि ते जमलं नाही तर 'नो कॅरिअर'. तुमची पाच-सात मिनिटं बहुधा इथूनच येतात.

म्हणून दोन्ही मोडेम घरातच असतील तर दोन अडॅप्टर वापरू नका. दोन पोर्ट असलेला एकच घ्या, उदाहरणार्थ ग्रँडस्ट्रीम एचटी८०२ किंवा जुना लिंक्सिस पीएपी२टी, आणि दोन्ही मोडेम त्याच डब्याला लावा. घड्याळ एकच, त्यामुळे तूट साठतच नाही. फोन कंपनीच्या खात्याचीही गरज नाही. लिंक्सिसवर 'मेक कॉल विदाउट रेज' आणि 'आन्सर कॉल विदाउट रेज' दोन्ही 'येस' करा, मग पहिल्या पोर्टच्या डायल प्लॅनमध्ये उचलताच त्याच डब्याच्या आयपी पत्त्यावर, दुसऱ्या पोर्टच्या क्रमांकाला (बहुधा ५०६१) कॉल जाईल असा हॉटलाइन नियम लिहा. रिंग खरी वाजते, एस०=१ चालतं.

बाकीच्या सेटिंग्जमध्ये तडजोड नको. कोडेक (आवाज आकड्यांत बदलायची पद्धत) फक्त जी.७११ (पीसीएमयू किंवा पीसीएमए), यादीतल्या सगळ्या जागांवर तोच, जी.७२९ सारखे कोडेक माणसाच्या आवाजासाठी बनलेत, मोडेमच्या आवाजाचा ते चुराडा करतात. सायलेन्स सप्रेशन (शांततेत पाकिटं न पाठवणं) बंद. जिटर बफर (मागेपुढे येणाऱ्या पाकिटांचा साठा) 'फिक्स्ड' आणि मोठा, कारण 'अॅडॅप्टिव्ह' बफर चालू कॉलमध्ये स्वतःची लांबी बदलतो आणि तीच वरची उडी पुन्हा घडवतो. फॅक्स मोड पास-थ्रू, टी.३८ (इंटरनेटवरच्या फॅक्सची वेगळी पद्धत) नाही. कॉल वेटिंग बंद. अडॅप्टर केबलने जोडा, वायफायने नाही.

एको कॅन्सेलर (प्रतिध्वनी पुसणारी सोय) हाताने बंद करा. मोडेम उत्तर देताना २१०० हर्ट्झचा टोन सोडतो आणि त्यातला ठरावीक फेरपालट ओळखून यंत्रणेने एको कॅन्सेलर आपोआप बंद करावा, अशी योजना आहे. पण ३०० आणि १२०० च्या अमेरिकी बेल पद्धतीचे मोडेम २२२५ हर्ट्झने उत्तर देतात. अडॅप्टर तो टोन ओळखत नाही, कॅन्सेलर चालूच राहतो, आणि सगळ्यात साधा मोडेम सगळ्यात जास्त त्रास देतो.

पलीकडचा मोडेम खरोखर दुसऱ्या गावी असेल तर दोन घड्याळं टळत नाहीत. मग वेग मुद्दाम कमी करा. २४०० पर्यंतच्या व्ही.२२बिस या मानकात दोन्ही दिशांना वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी असतात. लांबचा विलंब आणि प्रतिध्वनी तो निमूटपणे सोसतो. व्ही.३२ पासून पुढे दोन्ही दिशा एकाच पट्ट्यात असतात आणि मोडेम स्वतःचा प्रतिध्वनी वजा करत असतो, त्यामुळे विलंब आणि उडी दोन्ही जास्त बाधतात. रॉकवेलवर 'एटी+एमएस=२' म्हणजे व्ही.२२बिस, ९ म्हणजे व्ही.३२, १० म्हणजे व्ही.३२बिस, ११ म्हणजे व्ही.३४. नंतरच्या चिपांवर आकड्याऐवजी नाव लागतं; 'एटी+एमएस=?' विचारलं की मोडेम स्वतःच यादी देतो. यूएस रोबोटिक्सवर '&एन३' म्हणजे २४००, '&एन६' ९६००, '&एन८' १४,४००. व्ही.४२ चालू ठेवा, चुकलेले तुकडे तो पुन्हा मागवतो. कॅरिअर क्षणभर गेलं तर लगेच ठेवून देऊ नये म्हणून 'एटीएस१०=५०' करा; एकक दशांश सेकंद आहे, म्हणजे पाच सेकंद. ९६०० वर तासभर टिकणारी लाइन २८,८०० वर दर पाच मिनिटांनी तुटणाऱ्या लाइनपेक्षा जास्त फाइली उतरवते.

पलीकडे काय ठेवायचं

नुसत्या दोन संगणकांत फाइली हलवायच्या असतील तर डॉसमध्ये टेलिक्स किंवा प्रोकॉम, विंडोज ९८ मध्ये हायपरटर्मिनल, आणि झेडमोडेम ही फाइल पाठवायची पद्धत पुरे. १.४४ एमबीची फ्लॉपी १४,४०० वर साधारण चौदा-पंधरा मिनिटांत जाते, ३३,६०० वर सहा-सात.

इंटरनेट हवं असेल तर पलीकडे लिनक्सचा छोटा संगणक आणि यूएसबी मोडेम ठेवा. तोही हार्डवेअर मोडेमच हवा. लिनक्समध्ये लावताच 'टीटीवायएसीएम०' म्हणून दिसला तर योग्य आहे. कॉल उचलायला एमगेटी, पुढे इंटरनेटची जोडणी करायला पीपीपीडी, हे दोन प्रोग्राम. पीपीपीडीला हार्डवेअर फ्लो कंट्रोल, दोन्ही बाजूंचे आयपी पत्ते आणि डीएनएसचा पत्ता द्या. लिनक्सवर आयपी फॉरवर्डिंग आणि मास्करेड (जुन्या संगणकाची पाकिटं पुढे, लिनक्सच्याच पत्त्याने पाठवणं) चालू करा. लाइन जुळते, पासवर्ड मान्य होतो आणि तरी पान उघडत नाही, असं झालं तर बहुतेक वेळा या शेवटच्या दोनपैकी एक राहिलेलं असतं. विंडोज ९८ मध्ये सर्व्हर टाइप्सच्या पानावर फक्त टीसीपी/आयपी ठेवा. नेटब्युई, आयपीएक्स आणि 'लॉग ऑन टू नेटवर्क'च्या खुणा काढल्या की जोडणीचा बराच वेळ वाचतो. विंडोज ३.१ ला ट्रम्पेट विनसॉक (टीसीपी/आयपी पुरवणारा प्रोग्राम) लागेल.

त्यानंतरही आजच्या साइट उघडणार नाहीत, आणि तो दोष लाइनचा नाही. जुन्या ब्राउझरला आजचं टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसमागचं कूटलेखन, येत नाही. त्याच लिनक्सवर वेबवन सारखा प्रॉक्सी चालवा. तो पलीकडे एचटीटीपीएस बोलतो आणि इकडे साधं एचटीटीपी देतो.

लाइनचा हा सगळा खटाटोप नको आणि फक्त जुन्या संगणकावरून बीबीएस (मोडेमने गाठायचा जुना संदेश-फलक) गाठायचं असेल, तर सीरियल पोर्टला लावायचा ईएसपी८२६६ वाला वायफाय मोडेम मिळतो. त्याला 'एटीडीटी'पुढे नंबराऐवजी सर्व्हरचं नाव आणि पोर्ट देतात. जुन्या सॉफ्टवेअरला तो मोडेमच वाटतो. किरकिर मात्र नाही, आणि काहींना हवी असते ती किरकिरच. झेडमोडेमची फाइल अर्ध्यावर बिघडत असेल तर या वायफाय मोडेमच्या टेलनेट सेटिंगकडे पाहा: टेलनेटमध्ये २५५ या बाइटला खास अर्थ आहे, आणि दोन टोकांपैकी एकच टेलनेट बोलत असेल तर ती बाइट फुकट जाते किंवा दुप्पट होते.

लाइन पुन्हा तुटली तर काहीही बदलण्याआधी मोडेमलाच विचारा. यूएस रोबोटिक्सवर 'एटीआय६', रॉकवेल आणि कोनेक्सन्टवर 'एटी&व्ही१' शेवटच्या कॉलची माहिती देतात: सुरुवातीचा आणि शेवटचा वेग, किती वेळा पुन्हा जुळवून घ्यावं लागलं (रिट्रेन), तुटण्याचं कारण. रिट्रेनचे आकडे ठरावीक मिनिटांच्या अंतराने वाढत असतील तर घड्याळांचा फरक, कसेही वाढत असतील तर गोंगाट किंवा हरवलेली पाकिटं. रिट्रेन शून्य आणि तरी फाइलीत चुका असतील तर लाइन निर्दोष आहे. केबलच्या ९ पिनी बाजूच्या ७ आणि ८ (आरटीएस-सीटीएस) या पिनांकडे परत जा.